याडीच्या मुठीतलं मीठ

आखाडा बाळापूरच्या बाजारात ओमप्रकाश सराफाचं दुकान हाय. त्याच्या काट्यावर सोनं चढलं, चांदी चढली, लगीनसराईत पाटल्या-बिलवर चढले. पण मीठ चढलं ते आजवर एकदाच, अन् ते चढवलं मीना धर्मसिंग राठोड ह्या पोरीनं. ते बी नांदेडात बसून, फोनवरून. अशी पोरगी हिंगोली जिल्ह्यात दुसरी असंल तर दाखवा. कळमनुरीत शोधा, वसमतला शोधा, औंढ्याला शोधा. सापडली तर जगन राठोड आपला टेम्पो महिनाभर फुकट देईल, डिझेल भरून.

जगन म्हणजे मीनाचा थोरला भाऊ. कुरुंद्याची हळद वसमतच्या मोंढ्यात पोती न फाटता पोचवावी तर त्यानंच. बाळापूरच्या बोळात टेम्पो उलटा घ्यायचा तर लोक दुसऱ्याचं नाव घेत न्हाईत. नववीत शाळेनं जगनला सोडलं का जगननं शाळेला, ह्याच्यावर तांड्यात अजून दोन मतं हायत. पण गोष्ट जगनची न्हाई, मीनाची हाय.

तांडा बाळापूरच्या पलीकडं, माळावर. बाप धर्मसिंग हळद करतो. आई जिवनबाई, तांड्यात आईला याडी म्हणतात, अन् भावाला भिया. जिवनबाईच्या हातची भरतकामाची ओढणी बघायला लांबलांबचे लोक यायचे, आरशाचा एक टाका वाकडा न्हाई. मीना लहान असताना एकदा याडी पाणी भरून आली तर हे लेकरू ओढणी उलटी करून बसलेलं, अन् अर्धं फूल उसवलेलं. याडीनं हात उगारला. पोरगी पळाली न्हाई. म्हणे, "याडी, वरून फूल दिसतं अन् खालून नुसता गुंता. मग फूल हाय कुठं?"

याडीचा हात वरच राहिला. ती आजवर म्हणते, मारलं असतं तर बरं झालं असतं, पोरगी नांदेडला गेली नसती, डोळ्यापुढं राहिली असती. म्हणते अन् लगेच लुगड्याच्या पेटीतून मीनाचा निकाल काढून पाव्हण्याला दाखवते.

तर मीना नांदेडला एमेस्सीला गेली. काय शिकते, हे तांड्यात कुणाला धड कळेना. जगन चहाच्या टपरीवर सांगायचा, "कॅन्सरवर काम करून राहिली." पुढं कुणी विचारलं की तो चहा मागवायचा. सुट्टीत मीना आली तेव्हा बाप हळदीला पाणी देत व्हता. ती बांधावर जाऊन बसली.

"बा, माणसाच्या अंगातल्या एकेका कणात, म्हणजे पेशीत, एक धागा असतो," ती म्हणाली. "उलगडला तर तुझ्या डोक्याच्या वर जाईल एवढा लांब. त्या धाग्यावर सगळं लिहिलेलं असतं, डोळा कसा करायचा, नख कसं करायचं."

"एका कणात? एवढा धागा मावतो कसा?"

"गुंडाळलेला असतो. बारक्या बारक्या रिळांवर. अन् त्याच्यावर अजून दुसरे बसलेले असतात, धागा दाबून धरायला. प्रथिनं म्हणतात त्याला. हा सगळा गुंडाळा म्हणजे क्रोमॅटिन."

धर्मसिंगनं फावड्यानं सरीचं एक मातीचं दार मोडलं, दुसरं लावलं. पाणी वळून पुढच्या सरीत गेलं. मीना ते बघून राहिली, अन् एकदम म्हणाली, "हे तू करून राहिला न बा, तेच. पाणी सगळ्या वावराला एकच हाय. पण कोणत्या सरीत जाईल ते दारं धरणारा ठरवतो. धाग्यावर बसलेलं प्रथिन तसंच. डोळ्यात नखाचं दार बंद ठेवतं, नखात डोळ्याचं."

"अन् दारं धरणारा झोपला तर?"

"तर नको ती सरी वाहत राहते. थांबतच न्हाई. कण वाढतो, वाढतो, वाढतो."

"गाठ," बाप म्हणाला.

"व्हय. पण सगळ्याच गाठी अशाच होतात असं न्हाई. कधी दारं धरणारा मोडतो, कधी भलत्याच दारावर जाऊन बसतो, कधी धाग्यातच बिघाड असतो. एका प्रकारच्या कॅन्सरात, रगतातल्या पांढऱ्या कणांच्या, हे धागा दाबून धरणारेच मोडलेले सापडतात."

धर्मसिंग फावड्यावर हनुवटी ठेवून उभा राहिला. मग म्हणाला, "सरी भरली बघ तुझ्या नादात," अन् पळाला.

त्याच सुट्टीत मीना आठवडी बाजारात धुरपताबाईकडं गेली. धुरपताबाई गावरान कोंबड्या विकते. तिच्या छातीतली गाठ आदल्या साली नांदेडला काढली. आता बरी हाय, फक्त उजवा हात सुजतो म्हणून कोंबडी डाव्या हातानं धरते. तिनं मीनाला बघितलं अन् गिऱ्हाईक सोडून विचारलं, "तुझा भाऊ सांगून राहिला, तू दवा शोधली म्हणे. माझी गाठ परत येणार न्हाई न मग?"

मीनानं खाली टोपलीजवळ बैठक मारली. "मावशी, मी दवा न्हाई शोधली. मी अजून शिकून राहिले, बिघाड होतो कसा ते. तुमी डॉक्टरनं दिलेल्या गोळ्या बंद करू नका, अन् तपासणीची तारीख चुकवू नका."

"न्हाई चुकवत ग. मला काय, तुझ्या तोंडानं ऐकायचं व्हतं." धुरपताबाई हसली. "जगनची जीभ लई लांब."

"धाग्यासारखी," मीना म्हणाली. "कुणीतरी दाबून धरायला पाहिजे."

असं बहिणीनं भर बाजारात म्हटलं. जगननं राग धरला न्हाई. त्या दिवसापासून टपरीवर तो "दवा" म्हणत न्हाई, "काम" म्हणतो. काम तर काम, पण मोठं काम.

आता मीनाच्या मनात काय व्हतं ते सांगतो. हैदराबादेत एक मोठी प्रयोगशाळा हाय, त्या धागा दाबून धरणाऱ्यांवरच काम करणारी. तिथं संशोधन शिकायची एक जागा निघाली. नुसते मार्क चालत न्हाईत. स्वतःच्या हातानं केलेल्या प्रयोगाचा फोटो घेऊन मुलाखतीला या, असं त्यांचं म्हणणं. मीनाला ती जागा एवढी पाहिजे व्हती की ती जेवताना त्याच्याबद्दल बोलायची अन् घास हातातच राहायचा.

प्रयोगाला लागायचं कोंबडीचं रगत. काहून कोंबडीचं? माणसाच्या रगतातला तांबडा कण धागा टाकून देतो. कोंबडीचा ठेवतो, अन् एकदम घट्ट दाबून ठेवतो. मीनानं नांदेडच्या दुकानातून दोनदा आणलं. तिथं कोंबड्या पिपात पडतात, रगतात पाणी, पिसं, काय काय. दोन्ही वेळा प्रयोग फसला. तिच्या मॅडम म्हणाल्या, "स्वच्छ अन् ताजं मिळालं तरच पुढं जाऊ. यंत्र मला दुसऱ्यांनाही द्यायचंय."

फोनवर मीनाचा आवाज बारीक झाला की जगनला समजतं.

"हात्तिच्या! रगत पाहिजे? एवढंच? आधी काहून न्हाई सांगितलं?"

मॅडमनं दिलेली मोठी बाटली तिनं एसटीतून पाठवली. रगत गोठू नये म्हणून तिच्यात आधीच थोडं औषधाचं पाणी भरलेलं. जगननं धुरपताबाईकडच्या कोंबड्या आणल्या, सकाळी सकाळी बाटली भरली, बर्फाच्या डब्यात ठेवली अन् टेम्पो काढला. नांदेडचा रस्ता त्या दिवशी जगननं ज्या वेगानं कापला त्याबद्दल पोलिसांना सांगू नका.

मीनानं बाटली घेतली, रगत यंत्रात फिरवलं, धुतलं, पुढचं पाणी टाकलं. अन् सगळं बिघडलं. तळाशी दाण्यासारखा साका बसायला पाहिजे व्हता; तिथं झाली लाळ. चिकट, लांब. काचेची काडी बुडवून वर उचलली तर तारच तार, शेवयाच्या पिठावानी ओढली जाऊन राहिली. मीनानं पुन्हा केलं, दुसऱ्या भांड्यात. तीच लाळ. मुलाखत तोंडावर आलेली. ती स्टुलावर बसली अन् काडीकडं बघत राहिली. मग तिनं घरी फोन लावला.

"याडी, बाटलीत कुणी काही टाकलं का?"

"कोणत्या बाटलीत?"

"रगताच्या."

"मग! टाकलं की मीठ."

"मीठ?"

"अग तुझा भिया येडा. रगत भरलं अन् तसंच ओट्यावर ठेवून बर्फ आणायला पळाला. रगत कुणी बिनमिठाचं ठेवतं का? माझ्या सासूनं मला पहिल्याच दिवाळीला शिकवलं ते. बरं झालं मी बघितलं, न्हाईतर नासून गेलं असतं लेकीचं."

"याडी, ते काय सळोई करायला न्हाई नेलं!"

"ओरडून काहून राहिली? कमी पडलं का?"

सळोई म्हणजे बोकडाच्या रगताचं कालवण. तांड्यात दिवाळीला, लग्नात सळोई झाली न्हाई तर पाव्हणा तोंड वाकडं करतो. ज्यानं ती खाल्ली न्हाई त्याच्यावर जगनला राग येत न्हाई, कीव येते. पण मीनाचं तसं न्हाई. पहिल्या वर्षी होस्टेलात जेवताना एक पोरगी म्हणाली, "तांड्यातले लोक म्हणे रगत शिजवून खातात." मीनाच्या खोलीतली वैष्णवी, परभणीची, मनानं चांगली पण तोंडानं फटकळ, तिनं विचारलं, "ई! खरंच का ग मीना?" अन् मीना म्हणाली, "आमच्यात न्हाई." आठच दिवसांपूर्वी ती दोन ताटं सळोई खाऊन आली व्हती. ते वाक्य तिच्या आत कुठंतरी अडकून बसलं, माशाच्या काट्यावानी. न गिळता येतं, न काढता येतं.

फोन ठेवला तेव्हा वैष्णवी प्रयोगशाळेच्या दारात उभी व्हती. "काय झालं ग?"

"मीठ पडलं. चुकून."

"रगतात? मीठ?"

"चुकून," मीना म्हणाली, अन् तोंड फिरवून काडी पुन्हा बुडवली.

तार निघाली. लांब, चकाकणारी. अन् तेव्हा मीनाचा हात थांबला. एवढी लांब तार आली कुठून? धागा तर गुंडाळलेला असतो, दाबलेला असतो. तो सुटला तरच असा ओढता येईल. म्हणजे दाबून धरणारे उठले. मिठानं उठवले. मॅडमच्या जुन्या पुस्तकात हे वाचलेलं व्हतं, जास्त मीठ लागलं की ते प्रथिन धाग्यावरून सुटतं. वाचलेलं अन् विसरलेलं. आता काडीवर लोंबकळून राहिलं व्हतं.

दारं धरणारा हाय तेव्हा धागा कसा, अन् तो उठला की कसा. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून दाखवता आलं तर! पण "मूठभर मीठ" असं कुठल्या फोटोखाली लिहितात? तिनं पुन्हा फोन लावला. ह्या वेळी आवाज बारीक नव्हता.

"याडी, किती टाकलं मीठ?"

"मूठभर."

"केवढी मूठ?"

"मूठ म्हणजे मूठ. तुझ्या पाठीत बसायची तीच."

म्हणून दुसऱ्या दिवशी जिवनबाईला टेम्पोत बसवून जगन ओमप्रकाशच्या दुकानात घेऊन गेला. किराण्याच्या काट्यावर बारीक फरक कळत न्हाई, असं मीनाचं म्हणणं. ओमप्रकाश आधी हसला, मग घाबरला.

"मावशी, खारं पडलं तर माझा काटा गंजंल."

"गंजला तर नवा देतो," जगन म्हणाला. "बहिणीचं काम हाय."

"तुझ्या बहिणीचं काम माझ्या दुकानात काहून, भाऊ?" असं म्हणत ओमप्रकाशनं काट्यावर कागद ठेवला अन् मीना दिसावी म्हणून फोन तिजोरीला टेकवला. जिवनबाईनं हातातल्या बलिया, म्हणजे तांड्यातल्या बायकांच्या बांगड्या, कोपरापर्यंत सरकवल्या, पुड्यात हात घातला, मूठ रिकामी केली. ओमप्रकाशनं आकडा वाचला. हळदीचे दोन शेतकरी पायरीवर उभे राहून बघून राहिले.

"अजून एकदा," फोनमधून मीना म्हणाली.

"काहून? एकदा टाकलं ते पुरं न्हाई?"

"माणसाची मूठ दरवेळी सारखी भरत न्हाई, याडी."

"माझी भरते."

दुसरी मूठ थोडी कमी भरली. जिवनबाईनं ओमप्रकाशकडं असं बघितलं, जसं काय त्यानंच मीठ खाल्लं. तिसरी तिनं रागानं भरली, ती दोन्हींपेक्षा जास्त. पायरीवरचा एक शेतकरी म्हणाला, "मावशीच्या हातचं जेवायला जायचं तर मूड बघून जावं लागंल."

मीना फोनमध्ये हसली न्हाई. तिनं तिन्ही आकडे लिहून घेतले. "राग आला तर एवढं, न्हाई आला तर एवढं. दोन्हींच्या मधून करते."

दुसऱ्यांदा जगन कोंबड्यांना गेला तेव्हा धुरपताबाईनं पैसे घेतले न्हाईत. "कोंबडी तर तुमी खाणारच. रगत तेवढं पोरीला जाऊ दे, माझ्याकडनं." ह्या वेळी बाटली भरल्यावर जगन ती मांडीत घेऊनच बसला. बर्फ आणायला बाप गेला. याडी ओट्यापाशी आली की जगन बाटलीवर हात ठेवायचा.

"मी काय चोर हाय का रे?"

"न्हाई याडी. तू तिथंच बस. तिथूनच आशीर्वाद दे."

मीनानं त्या रगताचे दोन भाग केले. एकाला मीठ लावलंच न्हाई. दुसऱ्याला याडीच्या मुठीच्या हिशोबानं लावलं, पण रगतात न्हाई. कण फोडून आतलं गाठोडं काढून त्याला. मग मीठ धुऊन काढलं. दोन्हींना धागा कापणारं औषध सारख्याच वेळेला टाकलं, अन् दोन्ही यंत्रात शेजारी शेजारी पळवले; त्यात धाग्याचा लहान तुकडा खाली पळतो, मोठा वर राहतो. दिवा लावला तेव्हा बिनमिठाच्या रांगेत शिडी दिसली: पायरीवर पायरी, सारख्या अंतरावर. धागा दाबलेला, म्हणून कात्री जिथं फट सापडली तिथंच चाललेली. मिठाच्या रांगेत पायऱ्या फिसकटलेल्या, सगळं खाली वाहून गेलेलं. दारं मोडल्यावर वावरात पाणी पसरतं तसं.

मॅडमनं फोटो उजेडात धरला. "हे जुनंय, मीना. माझ्या जन्माआधी लोकांनी केलंय."

"व्हय मॅडम."

"पण नीट केलंयस. घेऊन जा."

जुनं असंल. पण बाळापूरच्या कोंबडीवर अन् तांड्याच्या मिठावर कुणी केलं व्हतं का आधी? न्हाई न!

हैदराबादेला जायच्या आदल्या दिवशी वैष्णवीनं मीनाची वेणी घातली अन् शिकवलं, "त्यांनी विचारलं की मिठाचं कसं सुचलं, तर सांग, पुस्तकात वाचून ठरवून केलं. चुकून पडलं वगैरे सांगू नको. चुकून करणाऱ्याला कोण घेतं?" मीना आरशात बघत व्हती.

जगन सोबत गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं इस्त्री केलेला शर्ट दिवसभर चुरगळू दिला न्हाई. आत टेबलाच्या पलीकडं चौघं बसलेले. बोलणं हिंदीत अन् इंग्रजीत. मीनानं फोटो पुढं ठेवला, धाग्याचं सांगितलं, दाबून धरणाऱ्यांचं सांगितलं, ते मोडले की काय होतं ते सांगितलं. तीन जण माना हलवून राहिले. चौथ्या, पांढऱ्या केसांच्या एक बाई, चष्मा वर करून फोटो बघत व्हत्या. त्यांनी विचारलं, मिठाचं हे माप कुठून आणलं? कोणत्याच पुस्तकात हा आकडा मी बघितला न्हाई.

मीनाला वैष्णवीचं वाक्य आठवलं. ते जिभेवर आलं बी. पण आकडा पुस्तकातला नव्हताच, अन् त्या बाईंना ते कळलेलं व्हतं. आत अडकलेला काटा हलला.

"माझ्या आईच्या मुठीतून," ती म्हणाली. मग थांबली न्हाई. "आमी बंजारा. आमच्यात बोकडाचं रगत शिजवतात, सळोई म्हणतात त्याला. मी बी खाते. रगत ठेवायचं तर मीठ टाकायचं, हे माझ्या आईला तिच्या सासूनं शिकवलं. प्रयोगाचं रगत बघून तिनं मूठभर टाकलं. पहिली बाटली त्यानंच बिघडली. का बिघडली ते मला मागून कळलं. म्हणून मग तिची मूठ तीनदा जोखून घेतली, सराफाकडं."

बाईंनी फोटो खाली ठेवला. मीनाला वाटलं, गेली जागा.

"तीनदा कशासाठी?" त्या बाईंनी विचारलं.

"दरवेळी सारखी भरत न्हाई, मॅडम. तिसऱ्यांदा ती चिडली व्हती."

बाई हसल्या. मोठ्यानं, चष्मा काढून. मग चष्मा लावला अन् मिठावरून असे प्रश्न सुरू केले की मीनाला घाम फुटला: अर्धी मूठ टाकली असती तर? कोणतं प्रथिन आधी उठलं, कोणतं बसून राहिलं, कशावरून? काहींची उत्तरं आली, दोन प्रश्नांची न्हाई आली. न आलेल्यांना तिनं सरळ सांगितलं, "माहीत न्हाई. करून बघावं लागंल."

बाहेर जगन उभाच व्हता.

"काय झालं ग मिने? रडून काहून राहिली?"

"भिया, सळोईचं सांगितलं मी त्यांना."

"मग? छानच केलं की. भिया आणून देईल म्हणाली का?"

संध्याकाळी स्टेशनवर फोन आला, जागा मिळाली म्हणून. जगननं फलाटावरच्या हमालाला सांगितलं, चहावाल्याला सांगितलं, एका अनोळखी म्हाताऱ्याला दोनदा सांगितलं. मीनानं पहिला फोन वैष्णवीला केला. बातमी सांगितली अन् त्याच दमात म्हणाली, "अन् ऐक, आमच्यात खातात. मी बी खाते. तेव्हा खोटं बोलले." मग वैष्णवी म्हणाली, "मूर्ख! दोन वर्षं माझ्यापासून लपवलंस?" अन् दिवाळीला तांड्यावर आली. सळोई तिनं खाल्ली न्हाई, भाकरी अन् डाळ खाल्ली. पण चुलीपाशी बसून याडीला एवढे प्रश्न विचारले की याडी म्हणाली, ही पण नांदेडचीच दिसते.

त्या दिवशी रगत पातेल्यात आलं. याडीनं पुड्यात हात घातला, मूठ भरली, पातेल्यावर नेली. अन् टाकायच्या आधी थांबली. मूठ उघडून बघितली. चार दाणे परत पुड्यात टाकले, मग अजून दोन.

"काय झालं याडी?" मीनानं विचारलं.

"चूप बस," याडी म्हणाली. "मी आता चिडलेली न्हाई."